हरवलेले तारे आणि तीन विकलांचे वर्तुळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आकाशातून नाहीशा झालेल्या ताऱ्यांवरचा लेख वाचला. सत्तर वर्षांपूर्वीच्या काचेच्या छायाचित्र-प्लेटवर दिसणारे काही ठिपके आजच्या तारकासूचीत सापडत नाहीत, सबब ते तारे विझले असावेत किंवा त्याहून काही गूढ घडले असावे, असा त्याचा एकूण सूर. लेख रंगतदार आहे. पण त्यात मध्यावर एक वाक्य येते, ‘दोन्ही याद्या संगणकाने जुळवून पाहिल्या असता’. सगळी गोम त्या एका वाक्यात आहे आणि लेखकांनी नेमकी तिथेच उडी मारली आहे. त्या वाक्यात काय काय दडलेले असते ते मला स्वतःच्या फजितीमुळे ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री तुमच्याच हातात आहे.

मी एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर रात्री झोप येईना तेव्हा तारकासूच्यांचा नाद लागला. त्या सगळ्यांना खुल्या असतात, फुकट उतरवून घेता येतात आणि घरच्या संगणकावर मावेल एवढा आकाशाचा तुकडा कापून घेता येतो. मीही तेच केले जे लेखात आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या पहिल्या आकाश-सर्वेक्षणाच्या (१९४९ ते १९५८) प्लेटवरून तयार केलेली एका तुकड्याची यादी घेतली. त्या तुकड्याची प्लेट १९५४ची. दुसऱ्या बाजूला युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘गाया’ यानाची तिसरी सूची, जी १३ जून २०२२ रोजी खुली झाली आणि जिच्यात सुमारे १८१ कोटी ज्योतींची (बहुतांशी ताऱ्यांची) स्थाने आहेत. प्लेटवरच्या प्रत्येक ठिपक्याभोवती तीन विकला त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, आत गायाचा तारा असला तर जोडी जमली, नसला तर ठिपका ‘हरवला’. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण १८०० विकला भरते, त्यावरून तीन विकला म्हणजे किती ते लक्षात यावे.

बारा हजारांवर ठिपक्यांपैकी ३७ हरवले. मला रात्रभर झोप आली नाही, हे कबूल करते. सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता अशाच कामात आहे. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, वर्तुळ सगळ्यांना एकच का?”

मी म्हटले, कुठेतरी रेघ ओढायलाच हवी ना.

“हो, पण तुमच्या यादीत प्रत्येक ठिपक्यासमोर त्याची स्वतःची त्रुटी (स्थान किती विकलांनी चुकू शकते ते) लिहिलेली आहे. तो रकाना तुम्ही उघडलात तरी का?”

उघडला नव्हता. एकतीस वर्षे पोरांना सांगत आले की आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहिली नाही तर तो आकडा अर्धाच, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तोच रकाना वगळून पुढे गेले. उघडला तेव्हा दिसले की काही ठिपक्यांची त्रुटी ०.२ विकला आहे आणि काहींची पाच. तेजस्वी, टोकदार ठिपक्याचे केंद्र नीट सांगता येते. प्लेटच्या कडेचा, पसरट, जेमतेम उमटलेला ठिपका मात्र “इथेच कुठेतरी आहे” एवढेच सांगतो. मी दोघांना एकाच मापाने मोजत होते. ०.२ वाल्यासाठी तीन विकलांचे वर्तुळ पंधरा सिग्मांचे (सिग्मा म्हणजे त्या ठिपक्याची एका दिशेतली त्रुटी) झाले, त्यात परक्यांना मोकळे रान. आणि ज्याची त्रुटी तीन विकला आहे, त्याचा खराखुरा जोडीदार त्या वर्तुळात सापडण्याची शक्यता फक्त ३९ टक्के. म्हणजे दहापैकी सहा वेळा मी त्याला नाहक हरवलेला ठरवणार.

हा ३९ आकडा पाहून संख्याशास्त्र शिकलेला वाचक म्हणेल, बाई, एका सिग्मात ६८ टक्के असतात. तिथेच माझी दुसरी फजिती झाली. ६८, ९५, ९९.७ ही पाठ केलेली त्रयी एका रेषेवरच्या मोजमापाची आहे. आकाशातले स्थान दोन दिशांनी चुकते, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही चुका मिळून जे अंतर होते ते रॅले वितरणाने चालते. तिथे एका सिग्माच्या वर्तुळात ३९.३ टक्के, दोनच्या वर्तुळात ८६.५ आणि तीनच्या वर्तुळात ९८.९ टक्के जोड्या येतात. ९९.७ टक्के हव्या असतील तर वर्तुळ ३.४४ सिग्मांचे लागते. फरक किरकोळ वाटतो. पण दहा हजार खऱ्या जोड्या असतील तर तीन सिग्मांच्या वर्तुळाबाहेर २७ नव्हे, १११ पडतात, कोणाचीही चूक नसताना. लेखातल्या ‘हरवलेल्या’ ताऱ्यांत असे किती असतील, ते त्यांचे वर्तुळ केवढे होते हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तेच लेखात नाही. त्यात आणखी एक गोंधळ असा की प्रत्येक सूचीची ‘त्रुटी’ म्हणण्याची पद्धत वेगळी. कोणी एका दिशेचा सिग्मा देतो, कोणी ९० टक्के खात्रीच्या वर्तुळाची त्रिज्या देतो (क्ष-किरणांच्या सूच्यांत हे नेहमीचे), आणि ती सिग्माच्या २.१५ पट असते. गाया तर त्रुटी विकलेच्या हजाराव्या भागात देते. एकक न पाहता बेरीज केली तर संगणक तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीचे उत्तर देतो.

दोन्ही बाजूंच्या त्रुटी एकत्र करायच्या त्या वर्ग करून, बेरीज करून, मग वर्गमूळ घेऊन. तीन आणि चार मिळून पाच, सात नव्हे. हे मात्र मला येत होते, एवढे समाधान. अर्थात हे तेव्हाच लागू, जेव्हा दोन्ही चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतात. सगळी प्लेटच अर्धी विकला पूर्वेकडे सरकलेली असेल तर ती चूक प्रत्येक ठिपक्यात सारखीच शिरते. आधी चांगल्या, तेजस्वी जोड्यांवरून तो सरकाव काढून वजा करावा लागतो. विषुवांशातला (आकाशातल्या रेखांशातला) फरक क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणल्याशिवाय वापरायचा नाही, हेही तसेच. साठ अंश क्रांतीवर विषुवांशाचा एक अंश आकाशात अर्धाच भरतो.

आता या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट, जी लेखात असायलाच हवी होती. तारे जागचे हलतात. गायाच्या सूचीतली स्थाने २०१६च्या सुरुवातीची आहेत, माझी प्लेट १९५४ची. मध्ये ६२ वर्षे. वर्षाला विकलेचा विसावा भाग एवढा जरी तारा सरकत असेल तरी ६२ वर्षांत तो तीन विकलांच्या वर्तुळातून बाहेर पडतो. बर्नार्डचा तारा हे टोकाचे उदाहरण. तो वर्षाला सुमारे १०.४ विकला चालतो, म्हणजे ६२ वर्षांत दहा कलांपेक्षा (कला म्हणजे साठ विकला) जास्त, चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांश. त्याला जुन्या जागी शोधणारा माणूस खुशाल त्याच्या मृत्यूची बातमी देईल. गाया बहुतेक ताऱ्यांची निजगती (आकाशात वर्षाला सरकण्याचा वेग) देते, त्यामुळे प्रत्येक तारा मागे चालवत १९५४मध्ये नेता येतो. नेताना निजगतीतली त्रुटीही ६२ने गुणून जमेस धरायची. मंद ताऱ्यांसाठीही ती विकलेच्या काही शतांशांपलीकडे जात नाही. मात्र गायाच्या सुमारे ३४ कोटी ज्योतींना निजगतीच नाही, नुसते स्थान आहे. त्या मागे नेता येत नाहीत. त्यांच्यासाठी त्रुटी मुद्दाम वाढवून धरणे एवढाच प्रामाणिक मार्ग.

हे केल्यावर माझ्या ३७पैकी २१ ठिपके एका संध्याकाळी घरी परतले. ते चालत चालत पुढे गेले होते, इतकेच.

उरलेल्यांसाठी प्रत्येकाची स्वतःची त्रुटी वापरली. अंतराला एकत्रित त्रुटीने भागायचे, जो भागाकार सर्वांत लहान तो जोडीदार. मला वाटले, प्रश्न संपला. विद्यार्थ्याला निकाल पाठवला तर तो हसला. म्हणाला, “आता धूसर ठिपके सगळ्यांशी लग्न लावून मोकळे झालेत, बघा.”

पाहिले, आणि खरेच तसे झाले होते. एक जोडी इथे मांडते, कारण लेखकांनी दुरुस्त पद्धत वापरली असेल तरी ते बहुधा याच खड्ड्यात पडले असतील. गायाचा एक तारा. त्याच्या आसपास प्लेटवरचे दोन ठिपके. पहिला अर्ध्या विकलेवर, त्रुटी ०.२ विकला, म्हणजे २.५ सिग्मा दूर. दुसरा सहा विकलांवर, त्रुटी पाच विकला, म्हणजे अवघा १.२ सिग्मा दूर. नुसता भागाकार पाहिला तर दुसरा जिंकतो. डोळ्यांना हे पटत नाही, आणि डोळे बरोबर असतात. ज्याची त्रुटी पाच विकला आहे तो दहा विकलांवरच्या कुणाशीही ‘जुळतो’, त्यामुळे त्याच्या जुळण्याला काही किंमत नाही. जो अचूक आहे त्याने इतक्या जवळ येणे ही मात्र बातमी आहे. हे गणितात असे येते की अंतराचा घातांकी भाग एकत्रित त्रुटीच्या वर्गाने भागायचा. मग पहिल्या ठिपक्याचे वजन १.१ येते आणि दुसऱ्याचे ०.०२पेक्षाही किंचित कमी. अचूक ठिपका सुमारे ५६ पटींनी पुढे. मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेल्या घंटाकृती वक्राचाच हा गुण आहे. रुंद घंटा बुटकी असते, कारण तिच्याखालचे क्षेत्रफळ एकच राहायला हवे. त्या एवढ्याशा भागाकाराकडे मी दुर्लक्ष केले होते. खगोलशास्त्रज्ञांनी हे केव्हाच नीट बांधून ठेवले आहे. सदरलँड आणि सॉन्डर्स यांनी १९९२मध्ये अशा जुळणीची गुणोत्तराची पद्धत मांडली, आणि बुडावारी व सालाई यांनी २००८मध्ये तीच गोष्ट बेजच्या संभाव्यतेच्या सूत्राने दोनहून अधिक याद्यांपर्यंत नेली. म्हणजे हे गुपित वगैरे काही नाही.

हे प्रकरण माझ्यासारख्या रिकामटेकड्यांपुरतेच आहे असेही समजू नये. १९६२ साली ३सी २७३ या रेडिओ-स्रोताला दृश्य प्रकाशात कोण उत्तर देतो ते ठरत नव्हते, कारण रेडिओ-स्थानाची अनिश्चितता मोठी होती आणि तेवढ्या जागेत उमेदवार अनेक. त्या वर्षी चंद्र त्याच्यावरून गेला. सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने तो चंद्राच्या कडेआड केव्हा गेला, केव्हा बाहेर आला ते टिपले आणि स्थान विकलेच्या आसपास आणून ठेवले. मग तेजाच्या मापात तेराव्या प्रतीचा एक साधासा ‘तारा’ त्याच्याशी जुळला. मार्टेन श्मिट यांनी १९६३मध्ये त्याच्या वर्णपटात सुमारे १६ टक्के ताम्रसृती (प्रकाशाचे लालकडे सरकणे) ओळखली आणि क्वेसार (ताऱ्यासारखे दिसणारे अतिदूरचे तेजस्वी दीर्घिका-गाभे) म्हणजे काय ते जगाला कळले. उलट बाजूचे उदाहरण १७ ऑगस्ट २०१७चे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरींनी दाखवलेला भाग होता सुमारे २८ चौरस अंश. नुसत्या स्थानावर तिथे काही ठरणे शक्यच नव्हते. लहरींवरूनच अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे असल्याचे कळले होते, म्हणून तेवढ्याच अंतरावरच्या दीर्घिका तपासल्या आणि अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. स्थान धूसर असेल तर साक्षीला दुसरे काहीतरी घ्यावे लागते. अंतर, रंग, तेज.

आता माझी मुख्य तक्रार. लेखात न जुळलेल्या ठिपक्यांची मोजदाद आहे. चुकून जुळलेल्यांची मोजदाद कुठे आहे? गायाचे १८१ कोटी तारे सगळ्या आकाशावर (४१,२५३ चौरस अंश) सारखे पसरले असे धरले तर तीन विकलांच्या वर्तुळात सरासरी ०.१ तारा येतो. म्हणजे आकाशात कुठेही डोळे मिटून बोट ठेवले तरी दहातून एकदा वर्तुळात कोणीतरी सापडणार. आकाशगंगेच्या पट्ट्यात तर याहून कितीतरी जास्त वेळा. याचा अर्थ असा की एखादा तारा खरोखरच नाहीसा झाला असेल तर दहातून एकदा त्याच्या रिकाम्या जागेवर भलताच तारा उभा करून आपण “आहे की!” म्हणणार. वर्तुळ १५ विकलांचे केले तर सरासरी २.४ तारे आत येतात. १९९०मध्ये सोडलेल्या रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण स्रोतांची स्थाने साधारण तेवढीच अनिश्चित आहेत. अशा ठिकाणी “जवळचा तारा सापडला” या विधानात काहीच माहिती नसते. ‘जोडीदार नाही’ हेही एक उत्तर असते, आणि ते शक्य उत्तरांच्या यादीत पहिल्यापासून ठेवावे लागते.

यावर एक सोपी तपासणी आहे, तिला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. एक यादी सबंधच्या सबंध एक कला बाजूला सरकवायची आणि पुन्हा जुळवायची. आता जे काही जुळेल ते सगळे योगायोगाचे. मी केले तेव्हा शंभरात अकरा ‘जुळले’. हा आकडा पाहिल्यावर माझी बारा हजार जोड्यांची मिजास बरीच उतरली. दुसरी तपासणी मला अधिक आवडते. जमलेल्या जोड्यांचे सिग्मांतले अंतर घेऊन त्यांचा आलेख काढायचा. त्रुटी खऱ्या असतील तर त्याचे शिखर एकवर येते. माझे १.४च्या आसपास आले, म्हणजे यादीतल्या त्रुटी कोणीतरी आशावादी माणसाने लिहिल्या होत्या. त्या सगळ्या १.४ने गुणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आठवडा गेला.

तर उरलेल्या सोळांपैकी नऊ धूसर ठिपके निघाले, त्यांची त्रुटी मोठी होती, जोडीदार तीन विकलांच्या जरा बाहेर उभा होता. दोन ठिपके खरे तर जवळजवळच्या दोन-दोन ताऱ्यांचे होते. प्लेटला ते वेगळे दिसले नाहीत, तिने मधलाच बिंदू नोंदवला, आणि गायाने दोघांना आपापल्या जागी. ही चूक कुठल्याही त्रुटीच्या रकान्यात बसत नाही, इथे एकाला दोन उत्तरे आहेत हे मान्य करावे लागते. चार ठिपके फक्त लाल प्लेटवर होते. त्या सर्वेक्षणात लाल आणि निळी प्लेट एकाच रात्री लागोपाठ घेत, आणि निळीवर त्या जागी काहीही नव्हते. फार लाल, मंद तारे असते तर गायात दिसले असते. मी ते काचेवरच्या लेपातले दोष धरले, पण या चौघांबद्दल हट्ट करणार नाही.

लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. असे ताऱ्यांचे शोध घेणारे गंभीर संशोधक आहेत आणि त्यांनी घ्यावेतच. पण वाचकांपुढे ‘इतके तारे नाहीसे’ असा आकडा ठेवताना चार गोष्टी सोबत यायला हव्या होत्या. वर्तुळ केवढे होते आणि सगळ्यांना एकच होते का, तारे प्लेटच्या तारखेला मागे नेले होते का, त्रुटी तपासल्या होत्या का, आणि यादी सरकवल्यावर किती जुळले. एका चौकटीत मावले असते.

३७पैकी एक मात्र माझ्याकडे अजून उरला आहे. लाल आणि निळ्या दोन्ही प्लेटवर आहे, त्रुटी ०.४ विकला, दुरुस्त करून ०.५६, आणि दहा विकलांत गायाचे काहीही नाही. तेव्हा भडकलेला आणि आता गायाच्या नजरेपलीकडे मंदावलेला एखादा तारा असेल. वहीत मी त्याच्यापुढे ‘जोडीदार नाही’ एवढेच लिहिले आहे, ‘हरवला’ लिहिलेले नाही. लेखकांनी आपली यादी आपल्या पत्त्यावर धाडली तर ती मला जरूर पाठवावी. एक कला सरकवून पाहायला एक रात्र पुरते, आणि रात्री मी जागीच असते.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका